गळ्यातली झोळी कधी उतरवायची?

मागच्या पावसाळ्यात पंचवटीतली आमची मावशी गोदाघाटाच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरली आणि उजव्या खांद्यावर आपटली. दंडाचं हाड खांद्याच्या गोळ्याखाली मोडलं होतं, तुकडे थोडे सरकलेही होते. डॉक्टरांनी हात झोळीत घातला, आठवडाभराने दाखवायला बोलावलं. घरी मात्र कुरकुर सुरू: "प्लेट नाही, प्लॅस्टर नाही, ही कसली ट्रीटमेंट?"

ही शंका डॉक्टरांनाही होतीच. ब्रिटनमधल्या 32 रुग्णालयांनी ती तपासली. तुकडे सरकलेल्या अशाच फ्रॅक्चरच्या 250 रुग्णांपैकी कुणाचं ऑपरेशन करायचं आणि कुणाला नुसती झोळी द्यायची, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. 2015 साली निकाल आला. दोन वर्षांत खांदा किती दुखतो, रोजची कामं किती जमतात, यात दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता. अर्थात गोळा सांध्यातून निखळला असेल, हाड कातडी फोडून बाहेर आलं असेल किंवा रक्तवाहिनी दुखावली असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे ऑपरेशन टाळणं म्हणजे आगीशी खेळ.

झोळीवर भागतं, कारण या भागातलं हाड आतून स्पंजासारखं असतं आणि त्याला रक्तपुरवठा भरपूर. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळतं, दोन-तीन आठवड्यांत तिथे मऊ जोड धरतो, मग तो हळूहळू टणक होतो. शिवाय खांद्याची वाटी इतकी उथळ की हात सगळीकडे फिरतो. त्यामुळे हाड जरा वाकडं जुळलं तरी बऱ्याच जणांचं अडत नाही.

अडतं ते सांधा आखडला की. खांद्याभोवतीचं सैलसर आवरण हात आठवडेच्या आठवडे बांधून ठेवल्यावर आकसतं. "हाड जुळेपर्यंत हलवू नका" हा शेजारपाजारचा सल्ला म्हणूनच महागात पडतो. फ्रान्समध्ये 74 रुग्णांवर झालेला अभ्यास 2007 मध्ये आला. त्यांच्या हाडाचे तुकडे एकमेकांत घट्ट रुतलेले होते. निम्म्यांचा व्यायाम तीन दिवसांच्या आत सुरू केला, बाकीच्यांचा तीन आठवड्यांनी. तीन महिन्यांनी लवकर हलवलेले खांदे पुढे होते, आणि त्यापायी कुणाचं हाड जुळायचं राहिलं नाही. आता हे वाचून कुणी स्वतःच झोळी सोडू नये. तुकडे किती पक्के आहेत, हे एक्सरे बघणाऱ्यालाच कळतं.

मावशीचा पहिला व्यायाम लंबकाचा. बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन या सर्जनच्या नावाने तो ओळखला जातो. डावा हात ओट्यावर टेकवायचा, कमरेत वाकायचं, दुखरा हात खाली लोंबकळू द्यायचा आणि अंग डोलवायचं. हात आपण हलवायचा नाही, तो आपसूक झुलला पाहिजे. मावशी पहिले दोन दिवस हातच फिरवत होती. फिजिओ ताई ओरडली, "मावशी, जात्यावर बसलाय का?"

मग भिंतीवर बोटांनी चढणं, दारावरून टाकलेल्या दोरीने हात वर ओढणं. किती अंशात हात वर गेला, हे ताई मोजायची. मावशीचं माप वेगळं होतं: अंबाडा. तिसऱ्या महिन्यात तो तिचा तिने घातला, जरा तिरपा. मांडणीच्या वरच्या फळीवरचा शेंगदाण्याचा डबा त्यानंतर पंधरा दिवसांनी निघाला. पाठीमागची गाठ मात्र अजून सूनच बांधते.