गामझिग्रादचा राजवाडा: छावणी समजून ज्याच्याकडे दुर्लक्ष झालं

सर्बियाच्या पूर्वेला झायेचार शहराजवळ गामझिग्राद म्हणून गाव आहे, तिथले रोमन अवशेष कितीतरी वर्षं लोक लष्करी छावणीचेच समजत होते. आणि तसं वाटणं साहजिकच होतं म्हणा, एवढी जाडजूड तटबंदी, २० अवाढव्य बुरूज, बघणारा किल्लाच म्हणणार ना.

१९५३ ला उत्खनन सुरू झालं आणि हळूहळू गडबड लक्षात यायला लागली. आत देवळं, स्नानगृह, आणि जमिनीवर मोझॅक, त्यातल्या एकात तर डायोनिसस देव बसलाय आणि शेजारी बिबट्या. शिपायांच्या बराकीत एवढा खर्च कोण करेल? पण मालकाचं नाव सांगणारा पुरावा मिळायला १९८४ उजाडलं. पुरातत्त्वज्ञ द्रागोस्लाव स्रेयोविच यांच्या टीमला कमानीचा एक कोरीव दगड सापडला, दोन्हीकडे मोर, मध्ये पानांची माळ आणि माळेच्या आत दोनच शब्द, 'फेलिक्स रोमुलियाना'.

आता गंमत अशी की एका जुन्या लॅटिन ग्रंथात लिहूनच ठेवलं होतं की सम्राट गॅलेरियस डॅन्यूबकाठच्या डाकिया रिपेन्सिस प्रांतात जन्मला, तिथेच पुरला गेला आणि त्या जागेला त्याने आई रोमुलाचं नाव दिलं. फक्त ती जागा कुठली हे दगडाने सांगितलं.

गॅलेरियस मूळचा गुराखी, सैन्यात वर चढत गेला, २९३ मध्ये सम्राट डायोक्लेशनने चौघांच्या राज्यकारभारात त्याला सीझर, म्हणजे धाकटा सम्राट केलं, आणि पुढे पर्शियाचा राजा नरसेह याला हरवल्यावर त्याचा भाव जाम वधारला. माझ्या आईला अलेक्झांडरच्या आईसारखाच सर्पापासून गर्भ राहिला अशी फुशारकीही मारायचा म्हणे! ३०५ ला डायोक्लेशनने गादी सोडली आणि आजच्या क्रोएशियातल्या स्प्लिटच्या राजवाड्यात जाऊन राहिला. गॅलेरियसचाही तोच बेत होता, राज्याची २० वर्षं झाली की निवृत्त व्हायचं, त्यासाठीच हे बांधकाम. पण ३११ ला घाणेरड्या दुखण्याने तो गेला, निवृत्ती राहूनच गेली.

राजवाड्यापासून साधारण एक किलोमीटरवर मागुरा टेकडी आहे, तिथे दोन समाध्या आणि मातीचे दोन मोठे ढिगारे सापडलेत, एक जोडी आईची आणि एक मुलाची असं उत्खनन करणारे मानतात. म्हणजे दोघांना समाधीत नुसतं दफन केलं नाही, ढिगाऱ्यांच्या जागी देवपण देण्याचा विधी पण झाला. मला तर राजवाड्यापेक्षा ही टेकडीच जास्त इंटरेस्टिंग वाटते, कारण राहायची जागा आणि देव व्हायची जागा एकाच प्लॅनमध्ये बसवलीय.

नंतर काय, ज्याने ख्रिश्चनांचा छळ केला (मरायच्या थोडंच आधी स्वतःच फर्मान काढून थांबवला, ते वेगळं) त्याच्याच राजवाड्यात पुढे चर्च उभं राहिलं. हल्ले झाले, सम्राट जस्टिनियनच्या काळात डागडुजी झाली, मग वस्ती ओसरत गेली. स्प्लिटच्या वाड्यात आजही लोक राहतात, दुकानं चालतात, इथे तसं काही नाही. २००७ ला युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलं, तेव्हापासून बाहेरचे पर्यटक जरा वळायला लागलेत.