बागेत बोलणारी, वर्गात मुकी

रत्नागिरीजवळच्या पावस गावाच्या अलीकडे आमच्या ओळखीच्यांची हापूसची कलमं आहेत. राखणीला एक नेपाळी जोडपं. त्यांची सात वर्षांची मुलगी वानरं हाकताना अशी आरोळी ठोकते की खालच्या पाखाडीवरून जाणारा माणूस थांबून वर बघतो. हीच मुलगी शाळेत वर्षभरात एकदाही 'हजर' म्हणालेली नाही. हजेरीला नुसता हात वर. तहान लागली तरी सांगत नाही, घंटा होईपर्यंत बसून राहते.

वाडीत याची तीन निदानं तयार आहेत. पोर हट्टी आहे. तिला मराठी येत नाही. आणि तिसरं, बागेच्या राखणदाराचं, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाचं, काहीतरी द्यायचं राहिलंय, गाऱ्हाणं घाला. आता बागेचा खरा राखणदार तिचा बापच, रोज रात्री बॅटरी घेऊन फिरणारा. पण ते असो. वेखंड उगाळून जिभेला लावूनही झालं. जीभ झणझणली, शब्द काही फुटला नाही. मराठी येत नाही म्हणावं, तर पेट्या भरणाऱ्या बायांना ही ठसक्यात सांगते, "ओ मावशी, त्यो डागी हाय, बाजूला काढा." मी स्वतः ऐकलंय.

याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. मराठीत निवडक मौन म्हणू. नाव चकवणारं आहे, कारण निवड मुलाची नसते. 1877 साली कुसमाउल या जर्मन डॉक्टरने तर याला स्वेच्छेची वाचाबंदीच म्हटलं होतं. 1934 मध्ये ट्रामर या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने दिलेल्या नावातही 'मूल स्वतः ठरवून गप्प आहे' हाच सूर होता. तो काढून टाकायला 1994 उजाडलं, आणि 2013 मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीने हा प्रकार चिंताविकारांत नेऊन बसवला. म्हणजे हट्ट नव्हे, भीती.

नव्या भाषेच्या गावात आलेलं मूल काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहतंच. ते नुसतं कानाने भाषा साठवत असतं. त्यात आजार नाही. पण भाषा आली, तरी एका ठिकाणी बोलणं आणि दुसऱ्या ठिकाणी तोंडाला कुलूप असं चालूच राहिलं, की सावध व्हावं. स्थलांतरितांच्या मुलांत हे जास्त दिसतं. इस्रायलमध्ये 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत एकूण मुलांत प्रमाण 0.76 टक्के निघालं, स्थलांतरित कुटुंबांत 2.2 टक्के.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. मेंदूत अमिग्डला नावाचा एक गोळा आहे. बदामाच्या ग्रीक शब्दावरून त्याचं नाव ठेवलं. कोकणात सापडला असता तर काजूवरून ठेवलं असतं. धोक्याची वर्दी तो देतो. ती मध्यमेंदूतल्या एका करड्या पट्ट्याला पोचते, आणि तिथून अंग गोठवण्याचा हुकूम सुटतो. गंमत अशी, की आवाज काढण्याच्या कामातही याच पट्ट्याचा हात असतो.

बाई विचारतात, "सात पंचे किती?" पोरीची छाती धडधडते. शेजारची मुलगी कळवळून सांगते, "बाई, ती बोलत नाही. पस्तीस." प्रश्न टळला, धडधड उतरली. ही जी सुटका झाली, तेच मौनाचं बक्षीस. मानसशास्त्रात याला ऋण प्रबलन म्हणतात. दिवसातून दहा वेळा, सगळ्यांच्या चांगुलपणामुळे, मौन पक्कं होत जातं.

मग बागेत ती कशी बोलते? इथे मार्क बाउटन या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतले उंदीर कामाला येतात. उंदराला एका पेटीत शिकवलं, की घंटेनंतर शॉक बसतो. मग दुसऱ्या पेटीत नुसतीच घंटा वाजवत राहिले, तेव्हा भीती विझली. उंदीर पहिल्या पेटीत परत ठेवला, तर भीती हजर! आणखी पुढे जाऊन त्याला तिसऱ्या, कधी न पाहिलेल्या पेटीत ठेवलं, तरी भीती परतलीच. म्हणजे 'घंटेला भ्यायचं' हा धडा उंदराबरोबर सगळीकडे जातो, पण 'आता भ्यायचं कारण नाही' हा नंतरचा धडा जागेला चिकटून बसतो. जुना धडा पुसला जात नाही. पुढच्या मेंदूचा एक भाग अमिग्डलावर झाकण ठेवतो, आणि झाकण कुठे ठेवायचं हे हिप्पोकॅम्पस हा मेंदूचाच दुसरा भाग जागा ओळखून सांगतो. मुलीच्या निर्धास्तपणाला बागेचा पत्ता आहे, शाळेचा नाही.

म्हणून समजावणं, दटावणं, नुसतंच बक्षिसाचं चॉकलेट, 'मेंदू जागृती'चे महागडे वर्ग यांनी काही साधत नाही. निर्धास्तपणाच थोडाथोडा उचलून शाळेत न्यावा लागतो. बाईंना हे पटलं. आता दर शनिवारी शाळा सुटल्यावर आई रिकाम्या वर्गात येऊन बसते, मायलेकी नेपाळीत गप्पा मारतात. आधी बाई व्हरांड्यात वह्या तपासत. मग दारात. आता शेवटच्या बाकापर्यंत आल्यात, वह्यांवरची मान वर न करता.

मध्यंतरी एका भल्या माणसाने बापाला सल्ला दिला होता, "घरात मराठीच बोला, पोर गोंधळतंय." दोन भाषांनी मूल गोंधळत नाही. उलट जी भाषा तिच्या तोंडून बिनधास्त येते, तीच बंद केली तर शाळेपर्यंत न्यायचं काय? शिवाय घरची भाषा लपवायची असते, हा धडा मुलं न शिकवता शिकतात. कुवेतला वाढलेला माझा चुलतनातू गणपतीत सगळ्या भावकीसमोर असाच मिटून बसतो, आणि माजघरात आजीजवळ अखंड बडबडतो. त्याला आम्ही 'लाजरा' म्हणतो, हिला 'हट्टी'.

बाईंनी वर्गातल्या तक्त्यावर नेपाळी शब्द लिहून घेतले. नाक, कान, हात दोन्हीकडे सारखेच. मासा तिकडे माछा, आंबा तिकडे आँप. लिपीही आपलीच, त्यामुळे मुलं आपापली वाचायला लागली. एकाने 'आँप'चा उच्चार साप म्हणावा तसा केला. पोरीने मान हलवली. शेजारणीच्या कानाला लागून काहीतरी पुटपुटली, आणि शेजारीण ओरडली, "बाई, ती म्हणते नाकातून म्हणा!"

आंबा संपला की हे कुटुंब गावी जातं. महिन्याभराने परतल्यावर भीती थोडी वर येणार, ते बाईंनी गृहीत धरलंय. पहिल्या आठवड्यात त्या पुन्हा व्हरांड्यात बसणार आहेत.