चित्र काळं-पांढरं होणं वेगळं, खेळ संथ होणं वेगळं

"भाऊ, एनटीएससीची डिस्क लावली की चित्र ब्लॅक अँड व्हाइट येते. पालचीच बरी." नागपुरात पीएस-टू या जुन्या गेम कन्सोलवर टेकन हा फायटिंग गेम खेळणाऱ्या पोरांकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता राहवत नाही. पाल आणि एनटीएससी या टीव्हीवर चित्र पाठवायच्या दोन पद्धती; खेळाच्या डिस्कही एकेका पद्धतीच्या असतात. रंग हवा म्हणून पोरं पालची डिस्क लावतात आणि सहा-सहा महिने चुकीच्या वेगावर हात बसवतात. मेहनती पोरांचं असं झालेलं पाहून जीव हळहळतो.

१९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं तेव्हा आपल्याकडे पालच आलं. पालच्या ६२५ रेषा, एनटीएससीच्या ५२५. खेळताना या आकड्यांनी काही अडत नाही.

अडतं ते इथे. या एकेका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी बांधल्या आहेत. एक, रंगाचा सिग्नल कसा पाठवायचा. दुसरी, पडदा सेकंदाला किती वेळा रंगवायचा: पालमध्ये ५०, एनटीएससीत जवळपास ६०. चित्र काळं-पांढरं येतं ते पहिलीमुळे. टीव्हीला तो रंग ओळखता येत नाही, एवढंच. खेळाचा वेग ठरतो दुसरीवर.

फायटिंग गेम फ्रेम मोजून चालतात; पडदा एकदा रंगवला की एक फ्रेम. ६० साठी बांधलेला खेळ कुणी नीट न जुळवता ५० वर सोडला, की ६० सेकंदांत व्हायचं ते ७२ सेकंदांत होतं. टेकनमधल्या कझुया या लढवय्याचा इलेक्ट्रिक नावाचा ठोसा घ्या. त्यात खाली-पुढे आणि उजवा ठोसा एकाच फ्रेमवर पडावा लागतो. ६० वर ती फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, ५० वर २० ची. मी एक अख्खा उन्हाळा कूलरसमोर बसून ५० वर इलेक्ट्रिक घोटला. दहातले आठ निघायचे. मग मित्राकडे ६० वर बसलो आणि दहातला एक निघेना. बोटं तीच होती, पण ठेका संथ बसला होता. तो मोडायला दोन महिने गेले.

कन्सोलमध्ये फेरफार करणाऱ्या मॉडिंगवाल्यांचा गोंधळ याच्याच पुढचा. चिप बसवली किंवा मेमरी कार्डावर फ्री मॅकबूट हे सॉफ्टवेअर टाकलं म्हणजे वेगही सुधारला, असं समजतात. चिप डिस्कचं रीजनचं, म्हणजे ती कुठल्या देशांसाठी काढली त्याचं, कुलूप काढते, मॅकबूट बाहेरचे प्रोग्राम चालवू देतं. पालची डिस्क पालचीच राहते. ओपीएल या खेळ चालवणाऱ्या प्रोग्राममधल्या जीएसएम या सोयीने ६० ची सक्ती करता येते, पण ज्या खेळाचा वेग बनवणाऱ्यांनी ५० साठी आधीच जुळवून घेतलाय, तो मग पाचव्या हिश्शाने जास्त पळतो. तेही चुकीचंच. म्हणून माझं ठाम मत: फायटिंग गेमची एनटीएससी आवृत्तीच घ्या. काही पाल डिस्क सुरुवातीलाच ५० की ६० विचारतात, तिथे डोळे झाकून ६०.

(मॅकबूटसाठी कन्सोलचा मॉडेल नंबर पाहा. ९०००० मालिकेतल्या शेवटच्या मशीनवर ते चालत नाही.)

आता रंगाचं. इतवारीतल्या एका भंगारवाल्याकडून मी एकवीस इंची डब्बा टीव्ही आणला. चित्र काळं-पांढरं. दुरुस्तीवाल्याने 'पिक्चर ट्यूब गेली' म्हणून हात झटकले. घरी आणून रिमोटवर मेनू उघडला, तर 'कलर सिस्टिम' पालवर अडकवून ठेवलेली. ऑटो केली आणि कझुयाचे लाल हातमोजे लालभडक दिसले. ज्या टीव्हीत ही सोय नाही पण कंपोनंटची भोकं आहेत, तिथे लाल-हिरव्या-निळ्या पिनांची केबल लावा. त्या वाटेने पाल-एनटीएससी रंगाची भानगडच येत नाही.

एवढं करूनही टीव्हीवर रंग आलाच नाही, तर काळ्या-पांढऱ्या ६० वर खेळा. मी तसा महिनाभर खेळलोय. इलेक्ट्रिक बरोबर निघतो.