भूमिकाप्रधान व्हिडिओ गेम : संगणक व कन्सोल यांसाठी निर्मिती

खेळाडूने एका पात्राची किंवा पात्रांच्या चमूची भूमिका घेऊन लढाया व शोधमोहिमांतून त्यांची क्षमता वाढवत नेण्याचा हा गेमप्रकार. ‘आरपीजी’ (रोल-प्लेइंग गेम) या नावाने तो परिचित आहे.

याचे मूळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या फासे व कागदावरच्या खेळात आहे. पहिला संगणकीय आरपीजी कोणता, याबद्दल मात्र मतभेद आहेत. इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या शैक्षणिक संगणकप्रणालीवरचे ‘पेडिट५’ व ‘डीएनडी’ हे दोन्ही गेम साधारणतः १९७५ मधले मानले जातात. ‘एम१९९एच’ नावाचा आणखी जुना गेम होता असे काही जण सांगतात. पण तो पुसला गेला आणि आधार उरला तो आठवणींचाच. ‘पेडिट५’ हे नाव म्हणजे निव्वळ फाइलचे नाव. अभ्यासपाठांसाठी राखलेल्या जागेत तो ठेवलेला असे आणि व्यवस्थापक तो वेळोवेळी पुसून टाकत. आज खेळता येतील अशा गेमपैकी सर्वांत जुना म्हणून त्याला अग्रमान देणे अधिक सुरक्षित वाटते.

‘अल्टिमा’ आणि ‘विझर्ड्री’ (दोन्ही १९८१) यांनी ॲपल २ संगणकावर या प्रकाराचा साचा घडवला. हाताशी पूर्ण कळफलक असल्याने ‘अल्टिमा’त जवळजवळ प्रत्येक अक्षराला एक आज्ञा नेमलेली होती, आणि खेळाची स्थिती फ्लॉपीवर लिहून ठेवता येत होती.

निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडून खेळण्याच्या यंत्रावर, यांपैकी काहीच नव्हते. युजी होरी यांचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ (१९८६) ६४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये (कन्सोलमध्ये खोचायच्या गेमच्या डबीत) बसवावा लागला. जागा वाचवण्यासाठी पात्रांची चित्रे फक्त समोरून काढली. नायक कोणत्या दिशेला पाहतो आहे हे त्यामुळे कळत नसे. म्हणून ‘बोला’ ही आज्ञा दिल्यावर पूर्व, पश्चिम, उत्तर की दक्षिण हेही निवडावे लागे. खेळ थांबवताना २० जपानी अक्षरांचा सांकेतिक मंत्र कागदावर उतरवून घ्यावा लागे. एखादे अक्षर चुकले की तो सहसा नाकारला जाई. १९८९ च्या अमेरिकी आवृत्तीत चारही दिशांची चित्रे आली आणि बॅटरीवर स्थिती जतन होऊ लागली.

संगणकावरील व कन्सोलवरील आरपीजींतला फरक अमेरिकी आणि जपानी अभिरुचीचा आहे, असे मत अनेकदा मांडले जाते. पण होरी यांनी स्वतः ‘विझर्ड्री’ व ‘अल्टिमा’पासूनच प्रेरणा घेतली होती. तेव्हा निदान आरंभीच्या काळापुरते तरी स्मृती, साठवण आणि बटणांची संख्या यांचे बंधन हे कारण अधिक पटते.

पुढे सीडीमुळे जागेची अडचण सरली. ‘फायनल फँटसी ७’ (१९९७) प्लेस्टेशनवर तीन सीडींवर आला. एकच गेम दोन्हीकडे आणण्याची रीत रुळल्यावर प्रश्न बदलले. संगणकांची जुळणी घरोघरी वेगळी, म्हणून चाचणीचा व्याप मोठा. कन्सोलची जुळणी ठरलेली. पण स्मृतीची मर्यादा कडक आणि प्रकाशनाआधी कन्सोल-कंपनीची मंजुरी आवश्यक. ‘मोरोविंड’ (२००२) ६४ मेगाबाइट स्मृतीच्या एक्सबॉक्सवर बसवला गेला. त्याचे जग बदलण्याचे संपादन-साधन मात्र संगणकाच्या आवृत्तीसोबतच मिळाले. खेळाडूंनी स्वतः रचून गेममध्ये घातलेल्या भरींची (‘मॉड’) परंपरा संगणकावर फोफावली, त्याचे श्रेय अशा साधनांना द्यायला हवे. ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’मध्ये (२००९) रणांगण वरून पाहण्याची सोय संगणकापुरतीच होती.

‘बाल्डर्स गेट ३’ संगणकावर ऑगस्ट २०२३ मध्ये आला, तर एक्सबॉक्सवर डिसेंबरमध्ये. कमी स्मृतीच्या ‘सिरीज एस’ कन्सोलवर पडदा विभागून दोघांनी खेळण्याची सोय तेव्हा वगळावी लागली. ती तिथे २०२५ मध्ये आली.