जर्मन स्थलांतरित पूर्वजाचा शोध (एकोणिसावे शतक)

एकोणिसाव्या शतकात जर्मनभाषक मुलखातून अमेरिकेत जाऊन राहिलेल्या व्यक्तीचा कागदोपत्री माग काढत तिच्या मूळ गावापर्यंत पोहोचणे, ही कुलशोधाची एक स्वतंत्र शाखा मानली जाते. १८२० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत पन्नास लाखांहून अधिक जर्मन अमेरिकेत गेले. १८५०च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत आणि पुन्हा १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला ही लाट सर्वांत मोठी होती. एकट्या १८८२ साली सुमारे अडीच लाख माणसे गेली. त्यामुळे अमेरिकेतील असंख्य कुटुंबांना हा शोध कधी ना कधी घ्यावासा वाटतो, आणि त्यांतले बरेचजण एकाच ठिकाणी अडतात : गाव माहीत नसते.

गाव का लागते, ते आधी समजून घ्यावे. १८७१ पर्यंत जर्मनी नावाचे एक राज्यच नव्हते. १८१५ ते १८६६ या काळात जर्मन संघात ३९ च्या आसपास राज्ये होती, आणि प्रत्येकाचे कायदे व दप्तर वेगळे. जन्म, विवाह, मृत्यू यांची नोंद त्या त्या पॅरिशचा (एका चर्चच्या हद्दीचा) पाद्री करी. साऱ्या देशाची अशी एकच सूची कुठेही नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय जसे आधी गाव विचारतात आणि मग वही काढतात, तसेच इथेही आहे. ‘योहान म्युलर, जन्म १८३१, प्रशिया’ एवढ्यावर काहीही सापडत नाही, कारण प्रशियाचे राज्य ऱ्हाइनपासून मेमेलपर्यंत पसरलेले होते.

आणि हे गावाचे नाव बहुतेक वेळा अमेरिकेतच सापडते. नवशिके थेट जर्मन संकेतस्थळांवर जाऊन आडनाव टाकतात, नावाशी जुळणारा कोणीतरी उचलतात आणि परक्या कुटुंबाची वंशावळ लिहीत बसतात. वर्षानुवर्षांचे काम अशाने वाया जाते. अमेरिकेतला शेवटचा कागद पाहून झाल्याशिवाय अटलांटिक ओलांडू नये, हा या कामातला पहिला नियम आहे.

अमेरिकेतील कागद

सुरुवात मृत्यूपासून करावी आणि मागे जावे. मृत्यूचा दाखला, थडग्यावरचा मजकूर, मृत्युपत्र, मग जनगणना, असा क्रम ठेवावा. अमेरिकन जनगणनेत घरातल्या प्रत्येक माणसाचे नाव आणि जन्मस्थान १८५० पासून मिळते. १८८० मध्ये आईवडिलांचे जन्मस्थानही विचारले आहे. १८९० ची बहुतेक पाने जानेवारी १९२१ मधील वॉशिंग्टनच्या आगीत गेली. १९०० ची जनगणना सर्वांत कामाची, कारण तिच्यात जन्माचा महिना व वर्ष, अमेरिकेत आल्याचे वर्ष आणि नागरिकत्वाची स्थिती, तिन्ही नोंदलेली आहेत. आल्याचे वर्ष दोनतीन वर्षांनी चुकलेले असणे नेहमीचेच. नंतरच्या जनगणनेच्या पानांशी ते ताडून पाहावे. गाव मात्र जनगणनेत जवळजवळ कधीच नसते. फार तर ‘हेसेन’, ‘बाडेन’, ‘हानोफर’ असे राज्याचे नाव असते. त्यातही ‘हेसेन’ म्हणजे हेसेन-कासेल की हेसेन-डार्मश्टाट, आणि ‘हानोफर’ म्हणजे राज्य की शहर, हा प्रश्न उरतोच. ‘डार्मश्टाट’ असे लिहिलेले असले तरी पुष्कळदा त्या शहराऐवजी सारे ग्रँड डची (म्हणजे हेसेन-डार्मश्टाटचे राज्य) अभिप्रेत असते.

नागरिकत्वाचे कागद दोन टप्प्यांचे. आधी नागरिक होण्याच्या इराद्याचे जाहीरपत्र (लोक त्याला ‘पहिले कागद’ म्हणत) आणि आल्यापासून निदान पाच वर्षांनी अंतिम अर्ज. सप्टेंबर १९०६ च्या आधी हे काम दप्तर ठेवणाऱ्या कोणत्याही न्यायालयात होई, त्यामुळे परगण्यातील सगळी न्यायालये धुंडाळावी लागतात. त्या काळच्या कागदावर बहुधा ‘व्युर्टेम्बर्गच्या राजाशी असलेली निष्ठा सोडतो’ एवढेच मिळते. तेवढ्याने राज्य तरी नक्की होते. अठरा वर्षांच्या आत आलेल्यांना वेगळे जाहीरपत्र लागत नसे, आणि १८६२ च्या कायद्याने सन्मानाने निवृत्त झालेल्या सैनिकालाही ते माफ होते. म्हणून पहिले कागद सापडले नाहीत तर ते हरवले असे धरू नये. १८५५ ते १९२२ या काळात पत्नीला नवऱ्याबरोबर आपोआप नागरिकत्व मिळे, तेव्हा बायकांचे स्वतंत्र कागद क्वचितच असतात. १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली १६० एकर जमीन घेतलेल्याच्या प्रकरणात नागरिकत्वाची प्रत जोडलेली असते. अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकाच्या विधवेच्या निवृत्तिवेतनाच्या फायलीत विवाहाचा पुरावा आणि शेजाऱ्यांच्या जबान्या सापडतात, आणि शेजारी बहुधा त्याच गावचा असतो.

सर्वांत जास्त गावे मिळतात ती अमेरिकेतल्या जर्मन चर्चच्या वह्यांत. सरकारी कारकुनाला ‘जर्मनी’ पुरेसे वाटे. पण लुथेरन किंवा कॅथलिक पाद्री स्वतः जर्मन असे, त्याला गावे ठाऊक असत आणि दफनाची नोंद तो आपल्या देशी पद्धतीने लिही : नाव, वय वर्षे-महिने-दिवसांत, मृत्यूचे कारण, मागे कोण राहिले, आणि ‘जन्म अमुक गावी, ऑस्नाब्र्युकजवळ, हानोफरचे राज्य’. वय दिवसांपर्यंत दिलेले असले की मृत्यूच्या तारखेतून ते वजा करून जन्मतारीख काढता येते, आणि पुढे जर्मनीतली नोंद पटवायला हीच तारीख उपयोगी पडते. आपल्या पूर्वजाच्या नोंदीत गाव नसेल तर भाऊ, बहीण, मुलांच्या बाप्तिस्म्याचे साक्षीदार, जहाजावरचे सहप्रवासी आणि शेजारच्या शेताचा मालक यांच्या नोंदी काढाव्यात. माणसे एकेकटी फारशी जात नसत. एक जाई, पत्र लिही, मग गावातली अर्धी आळी निघे. जर्मन भाषेतील स्थानिक वृत्तपत्रांतली मृत्युवार्ताही याच कारणाने इंग्रजी वृत्तपत्रातल्यापेक्षा अधिक बोलकी असते.

जहाजांच्या याद्या

१८१९ च्या कायद्यानुसार १८२० पासून अमेरिकन बंदरात येणाऱ्या जहाजाच्या कप्तानाला प्रवाशांची यादी द्यावी लागे. न्यूयॉर्कला १८५५ ते १८९० कॅसल गार्डन हे उतरण्याचे केंद्र होते; एलिस आयलंड १ जानेवारी १८९२ ला उघडले. त्यामुळे १८५४ साली आलेल्याचे नाव ‘एलिस आयलंडवर बदलले’ ही घरोघरी सांगितली जाणारी गोष्ट खरी असूच शकत नाही. नंतर आलेल्यांची नावेही तिथे बदलली नाहीत, कारण तिथला कारकून निघण्याच्या बंदरावर लिहिलेल्या यादीवरून फक्त खुणा करी. श्मिटचा स्मिथ, म्युलरचा मिलर, त्सिमरमानचा कार्पेंटर झाला तो पुढे, शाळेत, दुकानात आणि शेजारपाजाऱ्यांच्या तोंडी. बाल्टिमोर, न्यू ऑर्लिन्स, फिलाडेल्फिया आणि गॅल्व्हेस्टन ही बंदरे विसरू नयेत. मिसूरी-टेक्सासकडे गेलेले अनेकजण न्यूयॉर्कला गेलेच नव्हते.

जर्मनीकडच्या याद्यांचे नशीब वेगवेगळे निघाले. हाम्बुर्गच्या याद्या १८५० ते १९३४ अशा टिकल्या आहेत (महायुद्धाची वर्षे सोडून) आणि त्यांत प्रवाशाचे राहते गाव दिलेले असते. थेट अमेरिकेला जाणाऱ्यांची वही वेगळी आणि इंग्लंडमार्गे जाणाऱ्यांची ‘अप्रत्यक्ष’ वही (१८५४-१९१०) वेगळी. पहिलीत नाव नसले की लोक थांबतात, तसे थांबू नये. जर्मन बंदरांपैकी सर्वाधिक गर्दी होती ती ब्रेमेनमध्ये. तिथल्या याद्या मात्र जागेअभावी १८७५ पासून तीन वर्षांहून जुन्या झाल्या की नष्ट केल्या जात, आणि उरलेल्यांतल्या बहुतेक दुसऱ्या महायुद्धात गेल्या. नैर्ऋत्येचे लोक ल हाव्र, अँटवर्प किंवा रॉटरडॅमहूनही निघत.

यादी सापडली नाही म्हणून शोध अडत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक अमेरिकन याद्यांत नाव, वय, व्यवसाय आणि देश याखेरीज काही नसते. शेवटचे राहते ठिकाण १८९३ नंतर येते. तारीख-जहाज कळण्याचा आनंद मोठा असतो, पण गावाच्या दृष्टीने चर्चची एक दफननोंद अशा दहा याद्यांना भारी पडते.

नावे आणि गावे ओळखणे

जर्मन मुलाला बाप्तिस्म्यात दोनतीन नावे देत आणि हाक मारायचे नाव बहुधा शेवटचे असे. योहान हाइन्रिश विल्हेल्म अमेरिकेत ‘विल्यम’ म्हणून भेटतो, आणि त्याचे तिन्ही भाऊही कागदावर ‘योहान’च असतात. ऑस्नाब्र्युक, लिप्पे, म्युन्स्टरलांड या भागांत शेताचे नाव हेच आडनाव असे. वारस मुलीशी लग्न करून शेतावर आलेला जावई त्या शेताचे नाव घेई, आणि जुने नाव ‘गेनांट’ (म्हणजे ऊर्फ) लिहून जोडले जाई. अशा घरातले सख्खे भाऊ दोन वेगळ्या आडनावांनी अमेरिकेत पोहोचलेले दिसतात. पूर्व फ्रिसियात १८११ च्या हुकुमापर्यंत आडनाव पिढीगणिक बदले : यान हार्म्सचा मुलगा हार्म यान्सेन. बव्हेरिया, व्युर्टेम्बर्ग, मेक्लेनबुर्ग इथे गरिबांना लग्नाची परवानगी सहजी मिळत नसे. जोडपी मुलांसह निघत आणि अमेरिकेत उतरल्यावर लग्न करीत. अशा मुलाचा बाप्तिस्मा आईच्या आडनावाखाली शोधावा लागतो.

गावाचे नाव अमेरिकन कारकुनाने कानाने टिपलेले असते आणि बोलणाऱ्याची बोली त्यात मिसळलेली असते. ‘ब’ आणि ‘प’, ‘द’ आणि ‘त’, ‘ग’ आणि ‘क’ एकमेकांच्या जागी येतात. ‘ü’चा ‘इ’ होतो आणि ‘ö’चा ‘ए’. व्युर्टेम्बर्ग ‘विटेनबर्ग’ म्हणून लिहिलेले पुष्कळ सापडते आणि शोधणारा सॅक्सनीत भटकतो. संशयित नाव १९१२-१३ च्या मायर्सच्या स्थळकोशात पाहावे. जर्मन साम्राज्यातील दोन लाखांहून अधिक ठिकाणे त्यात असून गावाचे नोंदणी कार्यालय कुठे आणि गावात स्वतःचे चर्च होते का, हेही दिलेले आहे. हा कोश ऑनलाइन शोधता येतो. लहान वाडीला स्वतःचे चर्च नसे, तेव्हा नोंद शेजारच्या गावी असते, आणि प्रोटेस्टंट व कॅथलिकांची गावे वेगळी असू शकतात.

जर्मनीतील वह्या

सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी प्रशियात १ ऑक्टोबर १८७४ ला आणि साऱ्या साम्राज्यात १ जानेवारी १८७६ ला सुरू झाली. ऱ्हाइनच्या पश्चिम काठावर ती फ्रेंच अमलात, १७९८ पासूनच आहे. आजच्या कायद्याने जन्माच्या नोंदी ११० वर्षे, विवाहाच्या ८० आणि मृत्यूच्या ३० वर्षे राखीव असतात, नंतर त्या अभिलेखागारात जातात. त्याआधीच्या काळासाठी चर्चच्या वह्या, म्हणजे किर्खनबुख. प्रोटेस्टंट वह्या आर्खियॉन या सशुल्क संकेतस्थळावर, कॅथलिक वह्या माट्रिकुलावर विनामूल्य, आणि पुष्कळ मायक्रोफिल्म फॅमिलीसर्चवर आहेत. काही गावांच्या सर्व कुटुंबांची मांडणी केलेली ‘ऑर्ट्सफामिलीनबुख’ छापलेली वा ऑनलाइन मिळते. ती वाट दाखवते, पण मूळ पान पाहावेच. कायदेशीर परवानगी घेऊन निघालेल्यांची प्रकरणेही उरली आहेत, कारण जाणाऱ्याला कर्ज फेडावे लागे आणि सावकारांना कळावे म्हणून वृत्तपत्रात सूचना निघे. नैर्ऋत्य जर्मनीच्या अशा नोंदी बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या राज्य अभिलेखागाराने शोधण्याजोग्या केल्या आहेत. सैन्यभरती चुकवून गुपचूप गेलेल्या तरुणांची नावे त्यांत नसतात.

वह्या कुरेंट या हस्ताक्षरात आहेत. रोमन लिपी येणाऱ्यालाही ती सुरुवातीला वाचता येत नाही. तिच्यातला ‘ई’ हुबेहूब ‘एन’सारखा दिसतो, ‘यू’वर एक लहान कमान असते आणि ती नसेल तर अक्षर ‘एन’ समजावे. मोठ्या अक्षरांत ‘के’ व ‘आर’, ‘बी’ व ‘एल’ यांची गल्लत होते. ज्या शब्दाबद्दल शंका आहे त्यातले अक्षर त्याच पाद्र्याने लिहिलेल्या एखाद्या ओळखीच्या शब्दात, उदाहरणार्थ महिन्याच्या नावात, शोधून ताडावे. कॅथलिक वह्या बहुधा लॅटिनमध्ये असतात. तारखेत ‘७ब्रिस’ असे दिसले तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर होय : लॅटिनमध्ये सेप्टेम म्हणजे सात, ऑक्टो आठ, नोव्हेम नऊ आणि डेसेम दहा. डिसेंबर ‘एक्सब्रिस’ असा येतो. ही एक चूक जन्मतारीख दोन महिन्यांनी हलवते आणि खरी नोंद ‘जुळत नाही’ म्हणून सोडून दिली जाते.

नोंद सापडल्यावर ती आपलीच का, हे तपासायचे. अमेरिकेतली जन्मतारीख, आईवडिलांची नावे आणि भावंडांपैकी कोणी, यांतल्या निदान दोन गोष्टी जुळायला हव्यात. मग त्याच पॅरिशची दफनवही पुढची पंधरावीस वर्षे चाळावी. ते बाळ दोन वर्षांचे होऊन गेले असेल तर सारी वंशावळ तिथेच कोसळते, आणि त्याचेच नाव पुढच्या भावाला दिलेले असणेही सामान्य होते. त्यानंतर त्याच गावात त्या नावाचा विवाह झाला आहे का, हे पाहावे. कधी बाप्तिस्म्याच्या समासात पाद्र्याने नंतर ‘नाख आमेरिका’, म्हणजे ‘अमेरिकेस’, एवढेच लिहून ठेवलेले असते; याहून पक्का पुरावा नाही.

गाव पक्के झाले की वह्यांतून मागे जाणे सोपे असते. बऱ्याच पॅरिशमध्ये वह्या तीस वर्षांच्या युद्धानंतर, म्हणजे १६४८ च्या पुढे, सलग मिळतात. त्याआधीची पाने युद्धात जळाली किंवा लिहिलीच गेली नाहीत, आणि बहुतेक शेतकरी घराण्यांचा माग तिथे संपतो.