मतश्रेणीवरील समाश्रयणाचे निदान आलेख

‘पूर्ण असहमत’ ते ‘पूर्ण सहमत’ किंवा १ ते ५ गुण अशा मोजक्या पायऱ्यांवर मिळालेल्या उत्तरांना समाश्रयणाचे (इतर घटकांवरून उत्तराचा अंदाज बांधण्याचे) प्रतिमान लावल्यावर ते विदेला (जमवलेल्या नोंदींना) कितपत मानवते हे डोळ्यांनी पाहण्यासाठी काढलेले आलेख. मतमापनाची अशी पद्धत रेन्सिस लिकर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये मांडली. तिचे गुण साध्या रेषीय समाश्रयणात घालण्याची सवय आजही सर्वत्र आहे, आणि निदान आलेख पाहून लोक पहिल्यांदा दचकतात तेही तिथेच.

अवशेष म्हणजे दिलेला गुण वजा प्रतिमानाने काढलेला अंदाज. आडव्या अक्षावर अंदाज आणि उभ्यावर अवशेष मांडले, की रेषीय प्रतिमान योग्य असताना ठिपक्यांचा विस्कळीत ढग अपेक्षित असतो. मतश्रेणीत मात्र तिरपे, समांतर पट्टे उमटतात. कारण अगदी साधे आहे. ज्यांनी ५ गुण दिले त्या सगळ्यांचा अवशेष ‘५ वजा अंदाज’ इतकाच असतो, म्हणून ते सगळे एकाच उतरत्या रेषेवर बसतात; ४ वाल्यांची रेषा तिच्या खाली, ३ वाल्यांची त्याहून खाली. जितक्या पायऱ्या तितके पट्टे. त्यामुळे पट्टे दिसले म्हणून प्रतिमान चुकले असे होत नाही, आणि ते नाहीसे करण्याच्या खटपटीत वेळ घालवण्यातही अर्थ नाही.

पाहायचे ते पट्ट्यांच्या पलीकडे. नजर तिरप्या रेषांमागे धावते, म्हणून ठिपक्यांमधून लोएससारखी (जवळजवळच्या ठिपक्यांची सरासरी जोडत जाणारी) गुळगुळीत वक्ररेषा काढतात; ती शून्याच्या आसपास सपाट राहिली पाहिजे. दुसरी गोष्ट प्रचरणाची, म्हणजे ठिपके किती पसरतात याची; त्याचे वर्गमूळ म्हणजे प्रमाण विचलन. १ ते ५ च्या श्रेणीत सरासरी ३ असेल तर प्रमाण विचलन जास्तीत जास्त २ होऊ शकते, सरासरी ४.५ वर गेली की ती मर्यादा सुमारे १.३ वर येते. त्यामुळे अंदाज दोन्ही टोकांपर्यंत पोचत असतील तर ठिपक्यांचा आकार विटीसारखा होतो, मध्ये जाड आणि कडांना निमुळता. समान प्रचरणाचे गृहीतक इथे खरोखर मोडते. विल्क आणि ज्ञानदेसिकन या संख्याशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये विशद केलेल्या क्यू-क्यू आलेखातही (तो क्रमाने लावलेले अवशेष अपेक्षित वितरणाशी ताडतो) थोडेच वेगळे अंदाज असतील तर जिन्यासारख्या पायऱ्या येतात. त्यांचे कारणही पट्ट्यांचेच.

एक प्रसिद्ध उदाहरण वाइनच्या कडवटपणाचे आहे. ९ परीक्षकांनी ८ बाटल्या चाखल्या. तापमान थंड की उबदार, आणि द्राक्षे चिरडताना रसाचा सालीशी संपर्क होता की नव्हता, हे दोन घटक. मुळात ० ते १०० वर दिलेले गुण ५ श्रेणींत बसवलेले आहेत. या ७२ नोंदींना दोन्ही घटकांचे रेषीय प्रतिमान लावले तर अंदाज चारच निघतात : २.००, २.६७, ३.१७ आणि ३.८३. चार अंदाज आणि पाच श्रेणी मिळून २० जागा, पैकी भरलेल्या १५. म्हणजे ७२ ठिपके १५ ठिपक्यांमागे लपतात. ते थोडे इकडेतिकडे सरकवून किंवा संख्येनुसार लहानमोठे काढल्याशिवाय हा आलेख जवळपास निरुपयोगी आहे.

मतश्रेणीला अधिक साजेसे प्रतिमान पीटर मॅकलाघ यांनी १९८० मध्ये मांडलेले संचयी प्रतिमान. मनात एक सलग, अदृश्य मोजपट्टी आहे आणि तिच्यावरचे उंबरठे ओलांडले की माणूस पुढची श्रेणी निवडतो, अशी त्याची कल्पना. घटकाचा परिणाम प्रत्येक उंबरठ्यावर सारखाच, हे त्याचे मुख्य गृहीतक. ते तपासायला प्रत्येक उंबरठ्यापाशी विदेचे ‘खाली’ आणि ‘वर’ असे दोन भाग पाडून लॉगिट, म्हणजे त्या दोन भागांच्या गुणोत्तराचा लॉगरिदम, काढतात; सगळ्या उंबरठ्यांच्या रेषा समांतर निघाल्या पाहिजेत. वाइनच्या विदेत हा आलेख दोन्ही टोकांना कोलमडतो. उबदार गटात १ कोणीच दिलेला नाही, थंड गटात ५ कोणीच नाही, त्यामुळे तिथला लॉगिट अनंताकडे पळतो. हा गृहीतकाचा भंग नव्हे, रिकाम्या खणांचा परिणाम आहे. आलेखाशेजारी संख्यांचा तक्ता ठेवावा तो याचसाठी.

या प्रतिमानासाठी अवशेष काढायचे तर ‘सहमत’ मधून अंदाज वजा कसा करणार? लिऊ आणि झांग यांनी २०१८ मध्ये प्रतिनिधी अवशेष सुचवले. निवडलेल्या श्रेणीच्या दोन उंबरठ्यांमधली एक किंमत प्रतिमानाच्याच वितरणातून यादृच्छिक उचलायची आणि तिच्यातून अपेक्षित किंमत वजा करायची. पट्टे जातात, ढग परत येतो. प्रतिमान लॉगिट असेल तर क्यू-क्यू आलेखही लॉजिस्टिक वितरणाशी ताडायचा. प्रसामान्य (घंटेच्या आकाराच्या) वितरणाशी ताडला तर बरोबर प्रतिमानाचीही शेपटे वाकडी दिसतात, आणि ही चूक सहज होते. किमती यादृच्छिक असल्याने एकाच चित्रावर भरवसा न ठेवता त्या पुन्हा उचलून चारपाच आलेख काढतात.

वरील कोणत्याही आलेखात न दिसणारी एक गोष्ट परीक्षकनिहाय पेटी-आलेखात (प्रत्येकाच्या अवशेषांचा मध्य आणि पसरण एका पेटीने दाखवणाऱ्या) दिसते. एकाच माणसाचे आठही अवशेष शून्याखाली असले, तर तो हात आखडून गुण देणारा आहे आणि त्याच्या नोंदी एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. अशा वेळी परीक्षकाला यादृच्छिक परिणाम म्हणून, म्हणजे प्रत्येकाचा स्वतःचा कल वेगळा धरून, प्रतिमानात घेतात आणि आलेख पुन्हा काढतात.