एका वाड्यात दोन ईस्टर

सातव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडच्या उत्तरेकडील नॉर्थम्ब्रिया राज्यात काही वर्षी मोठा चमत्कारिक प्रसंग उभा राहत असे. राजा ओस्विउ चाळीस दिवसांचा उपवास सोडून ईस्टरच्या मेजवानीला बसलेला असे, तर त्याच वाड्यात राणी एनफ्लेड आणि तिच्या परिवाराचा उपवास अजून चालूच असे, कारण त्यांच्या गणिताप्रमाणे तो दिवस ईस्टरच्या आठवडाभर आधीचा, झावळ्यांचा रविवार असे. दोघेही ख्रिस्ती होते, पण चंद्राचा हिशेब दोघांनी दोन निरनिराळ्या गुरूंकडून घेतला होता.

अँग्लो-सॅक्सन लोकांत ख्रिस्ती धर्म दोन वाटांनी आला. इ. स. ५९७ मध्ये पोप ग्रेगरीने रोमहून पाठवलेला ऑगस्टीन सुमारे चाळीस सोबत्यांसह केंटमध्ये उतरला. तिथला राजा एथेलबर्ट मूर्तिपूजक असला, तरी त्याची फ्रँक वंशाची राणी बर्था आधीपासूनच ख्रिस्ती होती. तरीही राजाने पाहुण्यांची पहिली भेट उघड्या आभाळाखाली घेतली, कारण छपराखाली ते आपल्यावर जादूटोणा करतील अशी त्याला धास्ती होती. दुसरी वाट आयर्लंडकडून आली. स्कॉटलंडच्या पश्चिमेला असलेल्या आयोना बेटावरच्या आयरिश मठातून आयडन हा साधू ६३५ मध्ये नॉर्थम्ब्रियात आला आणि लिंडिसफार्न बेटावर त्याने मठ उभारला. ओस्विउ आयरिश परंपरेत वाढला होता, एनफ्लेड केंटमध्ये.

वसंतसंपातानंतर, म्हणजे मार्चमध्ये दिवस आणि रात्र सारखी होतात त्या दिवसानंतर, येणाऱ्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी ईस्टर पाळायचा, हा नियम ऐकायला सोपा आहे. पण त्यात सूर्य, चंद्र आणि आठवडा अशी तीन चक्रे गुंतलेली आहेत आणि त्यांपैकी कोणतेही चक्र दुसऱ्यात पूर्ण भागाने बसत नाही. बारा चांद्रमासांचे ३५४ दिवस होतात, म्हणजे दरवर्षी सुमारे अकरा दिवसांची तूट पडते. ही तूट भरून काढण्यासाठी आपल्या पंचांगात अधिक महिना धरतात. गंमत अशी की, धर्मांतरापूर्वीचे अँग्लो-सॅक्सनही हेच करत असत. जून आणि जुलैच्या सुमारास येणाऱ्या त्यांच्या दोन्ही महिन्यांचे नाव ‘लिथा’ होते आणि तेरा महिन्यांच्या वर्षी तिथेच तिसरा लिथा घातला जाई. तेव्हा चांद्रमास आणि सौरवर्ष यांची सांगड घालणे त्यांना नवीन नव्हते. नवीन होते ते पुढच्या कित्येक वर्षांच्या तारखा आधीच मांडून ठेवणारे कोष्टक.

अशी दोन कोष्टके त्या वेळी एकमेकांसमोर उभी होती. आयोनाच्या परंपरेत ८४ वर्षांचे चक्र वापरत. त्याची सोय अशी की, तारखा आणि वार दर २८ वर्षांनी पुन्हा तसेच जुळतात आणि ८४ ला २८ ने भाग जातो, त्यामुळे चक्र पुरे झाले की त्याच तारखांना तेच वार येतात आणि एकच कोष्टक पुन्हा पुन्हा वापरता येते. मात्र ८४ ज्युलियन वर्षांचे (त्या काळच्या रोमन दिनदर्शिकेतले, सरासरी ३६५.२५ दिवसांचे वर्ष) दिवस होतात ३०,६८१, आणि त्यात बसवलेल्या १,०३९ चांद्रमासांना प्रत्यक्षात लागतात सुमारे ३०,६८२.२८ दिवस. म्हणजे एका चक्रात सव्वा दिवसाहून अधिक चूक होते आणि कागदावरचा चंद्र खऱ्या चंद्राच्या पुढे पळू लागतो. रोमने स्वीकारलेले चक्र १९ वर्षांचे होते. १९ ज्युलियन वर्षांचे ६,९३९.७५ दिवस आणि २३५ चांद्रमासांचे सुमारे ६,९३९.६९ दिवस यांत जेमतेम दीड तासाचा फरक राहतो, त्यामुळे एका दिवसाची चूक साचायला तीनशे वर्षे लागतात. अर्थात यात वार जुळत नाहीत. ते जुळायला १९ गुणिले २८, म्हणजे ५३२ वर्षे थांबावे लागते.

याशिवाय दोघांचे नियमही वेगळे होते. आयरिश परंपरेत वसंतसंपात २५ मार्चला धरत, रोमन परंपरेत २१ मार्चला. चांद्रमासाचा चौदावा दिवस नेमका रविवारी आला, तर आयरिश साधू त्याच दिवशी ईस्टर साजरा करत. रोमच्या बाजूचे लोक मात्र पुढच्या रविवारापर्यंत थांबत. राजाराणीमधल्या त्या आठवड्याच्या अंतराचे मूळ अशा फरकांत होते.

हा वाद मिटवण्यासाठी ६६४ मध्ये व्हिटबी येथे, हिल्ड या मठाध्यक्षिणीच्या मठात, सभा भरली. आयरिश बाजू लिंडिसफार्नच्या कोलमनने मांडली, रोमची विल्फ्रिडने. इतके सूक्ष्म गणित पणाला लागलेले असताना निर्णय मात्र गणितावर झाला नाही. येशूचा शिष्य पीटर, ज्याचे वारस म्हणून रोमचे पोप मानले जातात, त्याच्याकडे स्वर्गाच्या किल्ल्या आहेत हे दोन्ही पक्षांना मान्य आहे ना, एवढे ओस्विउने विचारून घेतले आणि मग त्या द्वारपालाशी आपण वैर धरणार नाही, असे सांगून रोमच्या बाजूने कौल दिला. अधिक अचूक चक्र जिंकले खरे, पण अचूकतेमुळे नव्हे. कोलमन आपल्या अनुयायांसह परत गेला. खुद्द आयोनाने रोमचा ईस्टर स्वीकारला तो ७१६ मध्ये.

ही सगळी हकिकत आपल्याला कळते ती मुख्यतः जॅरोच्या मठातल्या बीड या विद्वान साधूमुळे. ७२५ मध्ये त्याने कालगणनेवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या आरंभीच बोटांवर आकडे कसे धरायचे हे शिकवले आहे आणि पुढे चक्रे लक्षात ठेवण्याची युक्तीही दिली आहे: एका हाताच्या बोटांची पेरे चौदा, त्यांत पाच नखे मिळवली की १९ होतात, हे झाले चंद्राचे चक्र. दोन्ही हातांची पेरे २८, हे झाले सूर्याचे. पेरांवर जप मोजणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. बीड नुसता पोथीपंडित नव्हता. भरती-ओहोटी चंद्राबरोबर रोज थोडी उशिरा होत जाते, आणि एकाच किनाऱ्यावर भरतीची वेळ ठिकाणागणिक निराळी असली, तरी त्या त्या ठिकाणापुरते चंद्राशी तिचे नाते कायम राहते, हे त्याने नेमके टिपून ठेवले. संपात २५ मार्चला होत नाही, हे सांगताना त्याने सूर्यघड्याळाची साक्ष काढली.

म्हणूनच त्याच्या इतिहासग्रंथातली एक तारीख विशेष नजरेत भरते. व्हिटबीच्या सभेच्याच वर्षी ब्रिटनमध्ये सूर्यग्रहण दिसले आणि पाठोपाठ मोठी साथ आली. ग्रहणाची तारीख बीडने ३ मे दिली आहे. आधुनिक गणिताप्रमाणे ते झाले १ मे ६६४ रोजी. सूर्यग्रहण अमावास्येलाच होते, आणि १९ वर्षांच्या कोष्टकात ती अमावास्या ३ मेच्या सुमारास पडत होती. शतकानुशतकांच्या साचलेल्या चुकीमुळे कोष्टकही एव्हाना मागे पडले होते. तेव्हा ग्रहणाची तारीख कोणीतरी कोष्टकाला जुळवून घेतली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात, आणि मलाही तेच पटते. वादात हरलेल्या आयरिश मंडळींच्या वार्षिक नोंदींत मात्र मेच्या पहिल्या तारखेला दुपारी अंधार पडल्याचे लिहून ठेवलेले आहे.